दोन ग्रॅमची चूक

इंजिनिअरिंगच्या मुलाने झाडांवर का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. पण माझे गणित चुकले ते झाडावरच!

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरामागे आजीने लावलेले डाळिंब होते. आजी गेली. गेल्या हिवाळ्यात घर पाडून नवे बांधायचे ठरले आणि झाड नेमके पायाच्या आखणीत आले. बी लावून भागणार नव्हते. बियांचे झाड आईसारखेच निघेल याची खात्री नसते. काडीचे रोप म्हणजे मात्र त्याच झाडाची प्रत. म्हणून मी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या कापून हॉस्टेलवर आणल्या.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा माझा मित्र म्हणाला, "नुसत्या लावल्यास तर थोड्याच जगतील. आयबीए लाव."

आयबीए म्हणजे इंडोल ब्युटिरिक अॅसिड. हे 'ऑक्झिन' गटातले संजीवक. ऑक्झिन कोवळ्या शेंड्यात तयार होते आणि खोडातून खाली उतरते. काडी कापली की ते खालच्या टोकाशी साचते आणि तिथल्या पेशींना 'मूळ बना' असा निरोप मिळतो. म्हणूनच काडी उलटी खोचायची नाही! डाळिंबासारख्या टणक काडीत हा निरोप क्षीण पडतो, म्हणून तो बाहेरून द्यायचा. आयबीएने काड्यांना मुळे फुटतात हे अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी १९३५ मध्ये दाखवले. नैसर्गिक आयएएपेक्षा ते जास्त टिकते, म्हणून नर्सरीवाले तेच वापरतात.

मित्राने प्रमाण सांगितले २००० पीपीएम, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. मला हवे होते फक्त १०० मिली. मी स्पिरिटमध्ये पावडर विरघळवली (नुसत्या पाण्यात ती नीट विरघळत नाही), पाणी घालून १०० मिली केले आणि काड्या दहा सेकंद बुडवून लावल्या. दहा दिवसांत सगळ्यांची बुडे काळी पडली. वही उघडली तेव्हा कळले, पावडर २ ग्रॅमच घातली होती. म्हणजे २०,००० पीपीएम! ऑक्झिन जास्त झाले की तेच विष ठरते. तणनाशक २,४-डी हेसुद्धा कृत्रिम ऑक्झिनच आहे.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारी झाड तोडणार आहेत. काय न्यायचं ते त्याआधी ने."

रविवारी पहाटेची एसटी पकडली. सतरा काड्या मिळाल्या. या वेळी ०.२ ग्रॅम दोनदा मोजले, वर रूममेटकडून तपासून घेतले. बारा काड्यांना औषध लावले, पाच तुलनेसाठी तशाच ठेवल्या. वाळू आणि शेणखत घातलेल्या पिशव्या सावलीत ठेवून ओल राखली.

दोन महिन्यांनी हिशेब असा: औषधाच्या बारांपैकी आठ जगल्या, बिनऔषधाच्या पाचांपैकी एक. एवढ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आपल्या सरांनीच शिकवले आहे. पण नऊ रोपे खरी आहेत.

एक रोप रेक्टर सरांच्या परवानगीने मेसच्या मागे लावले आहे. हात धुतलेले पाणी तिकडे सोडा, पण साबणाचे नको. बाकीची घर बांधून होण्याची वाट पाहत आहेत.