पिसदुऱ्याच्या गोट्यांत काय दडलं होतं

प्राचीन जीवांचे अवशेष म्हटलं की डोळ्यांसमोर राळेत अडकलेला किडा येतो. असा अंबर आपल्या शेजारी गुजरातेत आहे. सुरतेजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीतल्या अंबरात सापडलेल्या सातशेहून अधिक कीटक-कोळ्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अंबरातला किडा बहुधा पाय-पंखांसकट शाबूत असतो. ओळख पटवायला तज्ज्ञ लागतो, पण निदान समोर काय आहे ते दिसतं तरी. चंद्रपूर जिल्ह्याच्या वाट्याला आलेलं कोडं याहून अवघड आहे. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावाच्या शिवारात जे सापडतं ते आधी गिळलेलं, मग पचलेलं, मग बाहेर टाकलेलं आणि शेवटी दगड झालेलं. साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचं शेण. त्यात काय आहे, हे कळायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

सुरुवातीला शेणाकडे कोण बघतो? १८६० च्या आसपास, नागपूरचे मिशनरी आणि हौशी भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांच्या काळात, पिसदुऱ्याची हाडं अभ्यासकांच्या नजरेत आली. १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी इथल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी ही डायनासोरची जात सांगितली. मणके दोन-चार, जात नवी. तेव्हाची पद्धतच तशी होती आणि पुढे ती जात टिकली नाही. शेणाचे दगडी गोटे मात्र तिथेच पडून राहिले.

त्यांना न्याय दिला चार्ल्स मॅटली यांनी, १९३९ मध्ये. त्यांनी पिसदुऱ्याच्या या गोट्यांवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात स्वतंत्र लेख लिहिला आणि आकारावरून त्यांचे प्रकार पाडले. सर्वांत मोठा तो ‘अ’ प्रकार, व्यास १० सेंटीमीटरच्या आसपास. ही वर्गवारी आजही वापरात आहे. पण ती बाहेरून केलेली. गोटा फोडून आतल्या घासाचा माग काढण्याची साधनं मॅटली यांच्या हाताशी नव्हती.

मध्यंतरी हाडांनी पुन्हा बाजी मारली. जवळच्या डोंगरगावला १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी एका लांबमानेच्या डायनासोरचा बराचसा सांगाडा काढला. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी त्याचं वर्णन केलं. २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. आता शेणाला मालक सापडला, असं अनेकांनी धरून चाललं.

खरी गंमत त्यानंतरची. २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत हे गोटे एकामागून एक प्रयोगशाळांत गेले. कार्बनच्या समस्थानिकांवरून कळलं की खाणं सी-३ गटातल्या वनस्पतींचं होतं; आजची बहुतेक झाडं, झुडपं आणि धानही याच गटात मोडतात. धनंजय मोहबे आणि बंदना सामंत यांनी त्यातले वनस्पतींचे अवशेष तपासले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या अभ्यासकांना बुरशी सापडली, आणि तीही ओळखीची. कोलेटोट्रिकम म्हणजे ज्या कुळामुळे मिरचीवर, आंब्यावर करपा पडतो ते. एरिसायफी म्हणजे भुरीवाली. पानांवरचे रोग पोटात गेले, म्हणजे पाला खाल्ला जात होता. पिकावरचा करपा बघून कपाळाला हात लावणाऱ्या वरोऱ्याच्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितलं असेल का, कोण जाणे.

मग आलं गवत. नोव्हेंबर २००५ च्या ‘सायन्स’मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोम्बर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांचा लेख छापून आला. धान कापताना पात हातावरून ओढली गेली की चिरते, ती तिच्यातल्या सिलिकामुळे. गवताच्या पेशींत हा सिलिका साचतो आणि पेशीचा आकार घेतो. पात कुजली, पचली तरी तो कण उरतो. त्याला फायटोलिथ म्हणतात. गोट्याचा तुकडा रसायनांत विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा ताड-माड आणि सूचिपर्णी झाडांबरोबर गवताचे कणही दिसले. तेही एका जातीचे नव्हे, तर आजच्या गवतांच्या निदान पाच शाखांशी जुळणारे. तोवर गवताचे निर्विवाद जीवाश्म साडेपाच कोटी वर्षांच्या मागे जात नव्हते. डायनासोर आणि गवत एका चित्रात काढणं ही चित्रकाराची चूक, असं शिकवलं जाई. पिसदुऱ्याने ते खोडून काढलं. २०११ मध्ये याच गटाने आणखी पुढचं सांगितलं: त्यात भाताच्या वंशातल्या गवतांचेही कण आहेत. रेणूंवरून काळ मोजणाऱ्या काहींना हे फार मागचं वाटतं, वाद अजून मिटलेला नाही. २०१८ मध्ये मात्र चीनमधल्या दहा कोटी वर्षांहून जुन्या डायनासोरच्या दातांवर गवताचे अवशेष मिळाले, त्यामुळे पिसदुऱ्याची बाजू भक्कमच झाली.

माझ्या मते या सगळ्यात कच्चा दुवा एकच राहिला आहे, तो म्हणजे मालकाचा. काही लेखांच्या शीर्षकातच हे ‘इसिसॉरसचं शेण’ म्हटलेलं आहे. हाडं आणि शेण एकाच थरात मिळाले, याहून मोठा पुरावा त्यामागे नाही. त्याच थरांत कासवं आहेत, मॅड्सोइया पिसदुरेन्सिस हा सापही आहे. एवढ्या धिप्पाड जनावराचं शेण दहा सेंटीमीटरचं कसं, हा प्रश्नही रास्त आहे. काय खाल्लं ते पक्कं ठाऊक झालं, कुणी खाल्लं ते अजून अंदाजावर आहे.

हा अंदाज पक्का करायचा तर गोटा नेमका कुठल्या थरात, कोणत्या हाडांशेजारी होता, हे कळायला हवं. शेजारच्या गडचिरोलीत, सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला दगड झालेल्या झाडांचे ओंडके आहेत. ते सहजी कुणी उचलून नेत नाही आणि तिथे जीवाश्म उद्यानही आहे. पिसदुऱ्याचा गोटा खिशात मावतो. तेव्हा त्या शिवारात कधी गेलात आणि असा गोटा दिसला तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा, आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. गोटा मात्र जिथे आहे तिथेच राहू द्या.