सीबीसीच्या कागदावरची खालची ओळ

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर आणि शेजारच्या गारखेडा परिसरात पॅथॉलॉजी लॅब शोधावी लागत नाही. ताप उतरत नसो, थकवा जात नसो किंवा गरोदरपणाची नोंदणी असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेकदा पहिली तपासणी सीबीसीचीच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची असते. रिपोर्ट हाती आला की घरातल्या सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर जाते. आकडा दहा-अकरा असला की ‘रक्त कमी आहे’ म्हणायचे, लोहाच्या गोळ्या आणायच्या आणि कागद फाइलीत लावून टाकायचा. खालच्या दोन-तीन ओळी कुणी वाचत नाही. त्या वाचायलाच हव्यात.

त्यातली एक ओळ एमसीव्हीची. हे लाल पेशीचे सरासरी आकारमान. प्रौढांत ते साधारण 80 ते 100 असते. शरीरात लोह कमी पडले की पेशी लहान होतात आणि हळूहळू त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा मायनर प्रकार असलेल्या माणसाच्या पेशीही लहानच असतात, पण त्यांची संख्या भरपूर असते. मेंट्झर या डॉक्टरांनी 1973 मध्ये याच फरकावरून एक सोपे गणित मांडले. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या आकड्याने भागायचे. एमसीव्ही 65 आणि लाल पेशी 5.5 असतील तर उत्तर येते जेमतेम 12. ते 13 च्या खाली असले की थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यावा. एमसीव्ही 72 आणि पेशी 4 असतील तर 18 येते, म्हणजे बोट लोहाच्या कमतरतेकडे. अर्थात हा केवळ इशारा आहे. निदान हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत होते. त्यात एचबीए-2 हा घटक साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो.

मायनर म्हणजे आजारी नव्हे, हे आधी ठासून सांगायला हवे. हिमोग्लोबिनमधली बीटा साखळी बनवणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावून नेते. अशी माणसे शेती करतात, पोलीस भरतीला धावतात, त्यांची बाळंतपणे होतात. भारतात शंभरातले तीन-चार जण असे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत प्रमाण जास्त आहे, पण म्हणून बाकीचे समाज सुटलेले नाहीत.

प्रश्न उभा राहतो तो नवरा-बायको दोघेही वाहक असले की. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. ‘एकाला झाला, आता पुढची तिन्ही सुखरूप’ ही समजूत इथे फार घात करते. नाणे दरवेळी नव्याने उडते. आधीचा छापा त्याला ठाऊक नसतो. आणि दोष आईच्या कुळाचा, हे तर सरळसरळ खोटे आहे. थॅलेसेमिया मेजर होण्यासाठी दोन्हीकडची प्रत बिघडलेली असावी लागते.

अशा बाळाचे पहिले काही महिने ठीक जातात, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वेगळ्या साखळीवर चालते. ते ओसरले की बाळ पांढरे पडते, दूध पिताना दमते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, जन्मभर. एका पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात जाते, आणि शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकू शकते. उरलेले हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साठत जाते. म्हणून लोह काढणारी औषधेही रोज घ्यावी लागतात. उन्हाळ्यात महाविद्यालयांना सुट्ट्या लागतात, रक्तदान शिबिरे रोडावतात, आणि या मुलांच्या आईवडिलांची रक्तपेढ्यांतली वणवण वाढते.

मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत अजून आहे. इथे आकडे नीट पाहावेत. एखादा तरुण वाहक असेल, तर अनोळखी घरातली मुलगी वाहक असण्याची शक्यता पंचवीस-तीसात एक. सख्ख्या मामाची मुलगी असेल तर किमान आठात एक. लग्न विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या घराशी जुळत असेल तर सिकलसेलचीही तपासणी हवी. तोही याच जनुकातला बिघाड आहे, आणि एकाकडून सिकलसेल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी मूल आजारी होऊ शकते.

सायप्रसमध्ये हा आजार घरोघरी होता. 1983 पासून तिथल्या चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. दाखला लग्न अडवत नव्हता. दोघेही वाहक असलेली बहुसंख्य जोडपी लग्न करतच राहिली, फक्त गर्भाची तपासणी करून घेऊ लागली, आणि मेजर बाळांचे जन्म जवळपास थांबले.

आपल्याकडे ही तपासणी लग्न ठरल्यावर करणे मला चुकीचे वाटते. सुपारी फुटल्यावर रिपोर्ट आला तर मोडते ते बहुधा मुलीचे. त्यापेक्षा अकरावी-बारावीतच मुलामुलींची एकदा एचपीएलसी व्हावी. घरात कुणी मायनर निघाले तर तो कागद लपवू नये. भावंडांना, काका-आत्या, मामा-मावशीच्या मुलांना दाखवावा. आणि गरोदर बाईचा रिपोर्ट मायनर आला, तर नवऱ्याचे रक्त त्याच आठवड्यात तपासावे. गर्भाच्या वारेचा तुकडा घेऊन होणारी तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात होते, आणि पुष्कळ घरांत पहिली सोनोग्राफीच त्यानंतर होते.