अंगावर चढवायचा सांगाडा : कथेतून दवाखान्यापर्यंत

खेकडा, कोळंबी, झुरळ यांच्या शरीरात आपल्यासारखी हाडे नसतात; त्यांचा सांगाडा बाहेर, कवचाच्या रूपात असतो. माणसाच्या अंगावर असाच सांगाडा बाहेरून बांधला आणि त्याच्या सांध्यांना मोटारी व बॅटरी जोडली, की ‘पॉवर्ड एक्सोस्केलेटन’ तयार होतो. आपण त्याला ‘यांत्रिक बाह्यसांगाडा’ म्हणू. घरातल्या मुलांना तो ‘आयर्न मॅन’मुळे ठाऊक आहे. पण ज्या घरात अपघाताने किंवा पक्षाघाताने कुणाचे चालणे थांबले आहे, तिथे हा विषय करमणुकीचा राहत नाही. अशा यंत्राच्या आधाराने चालणाऱ्या रुग्णाचा व्हिडिओ मोबाइलवर येतो आणि घरात लगेच विचारले जाते, ‘हे आपल्या माणसाला मिळेल का?’ त्याचे उत्तर शोधताना उपयोगी पडावी, म्हणून ही माहिती सभासदांसमोर ठेवत आहोत.

कल्पना आधी आली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ सालच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीतले सैनिक शक्तिवर्धक चिलखत घालून लढतात. १९६३ मध्ये चित्रकथांतून आयर्न मॅन अवतरला. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डिमन’ हा खराखुरा सांगाडा बनवायला घेतला. त्याचे वजनच सुमारे ६८० किलो होते आणि तेवढेच ओझे त्याने उचलावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकच हात नीट चालला. संपूर्ण यंत्र सुरू केले की ते बेभान हलू लागे, त्यामुळे आत माणूस घालून ते कधी चालवलेच नाही. ताकद मिळवणे जमले, ती आवरणे जमले नाही.

पुढची वाट रुग्णांसाठीच्या यंत्रांची होती. बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या आसपास पायांत बळ नसलेल्यांसाठी असे सांगाडे तयार केले. लहान मोटारी, हलक्या बॅटऱ्या आणि वेगवान संगणक यायला मात्र आणखी काही दशके जावी लागली.

आजची यंत्रे चालतात कशी? मुख्य पद्धती दोन. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील योशियुकी सांकाई यांच्या ‘हॅल’मध्ये त्वचेवर संवेदक चिकटवतात. मेंदूने स्नायूला हुकूम दिला की त्वचेवर अतिशय क्षीण विद्युतसंदेश उमटतो. तो टिपून मोटार पायाला साथ देते. म्हणजे थोडा तरी संदेश स्नायूपर्यंत पोहोचायला हवा. स्नायू व चेतासंस्थेच्या काही दुर्मीळ आजारांवरील उपचारासाठी जपानने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली.

दुसरी पद्धत ‘रीवॉक’ची. हे यंत्र घडवणारे इस्राएली अभियंते अमित गोफर स्वतः १९९७ च्या अपघातात लुळे झाले. रीवॉकमध्ये वापरणारा धड किंचित पुढे झुकवतो, संवेदक ते ओळखतो आणि मोटारी कंबर व गुडघा हलवून पाऊल टाकतात. अमेरिकेत २०१४ मध्ये ते घरी वापरायला परवानगी मिळाली. गोफर यांचे हातही अधू असल्याने त्यांना मात्र ते वापरता येत नव्हते, कारण तोल सांभाळायला दोन्ही हातांत कुबड्या लागतात. कुबड्यांशिवाय तोल राखणारी यंत्रेही आता आली आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची ज्योत केव्हिन पिएत या खेळाडूने असेच एक फ्रेंच यंत्र घालून वाहिली.

यातून मिळणारा लाभ खरा आहे. उभे राहून समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. चालीचा वेग कमी असतो, बॅटरी काही तासांची असते, उंची, वजन आणि हाडांची मजबुती बसावी लागते, आणि जवळ शिकवलेला मदतनीस लागतो. हे यंत्र तुटलेला मज्जारज्जू जोडत नाही. ते काढले की चाकांची खुर्ची आहेच.

आणि पैसा! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. रीवॉक बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे ७० ते ८० हजार डॉलर होती. खरेदीने खर्च संपतही नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील एका माजी घोडेस्वाराचे यंत्र मनगटावरच्या नियंत्रकातील किरकोळ बिघाडाने बंद पडले. पाच वर्षांहून जुने म्हणून कंपनीने आधी दुरुस्ती नाकारली. बातम्या झाल्यावर ते दुरुस्त झाले. सुटे भाग कुणाच्या हाती आहेत, यावर त्याचे चालणे अवलंबून होते.

म्हणून अशा यंत्राची जाहिरात पाहिली, तर सभासद कुटुंबांनी आधी पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. आपल्या रुग्णाच्या दुखापतीला ते चालते का? विकत न घेता दवाखान्यात सरावासाठी वापरता येईल का? मदतनीस कोण होणार? बिघडले तर दुरुस्ती कुठे, किती वर्षे मिळेल?

ही उत्तरे हाती येईपर्यंत नेहमीचा व्यायाम सोडू नये आणि घर गहाण टाकण्याची घाई करू नये. चाकांच्या खुर्चीला उंबरठ्यावर उतार करून देणे आजही आपल्या हातात आहे, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही.