बंदी कोणाच्या शब्दावर?

स्पर्धात्मक गेमिंगमधील बंदीचा मागोवा घ्यायचा, तर 1994 पासून सुरुवात करणे सोयीचे. त्या वर्षी जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बो’ हा दोघांच्या लढतीचा खेळ आर्केडमध्ये आला. त्यात अकुमा नावाचे एक छुपे पात्र होते. जपानमध्ये त्याला गोकी म्हणतात. पात्रनिवडीच्या पडद्यावर ते दिसत नसे. ठरावीक क्रमाने कर्सर फिरवून आणि बटणे दाबून ते मिळवावे लागे. या खेळाचा सगळा डोलारा एका साध्या देवाणघेवाणीवर उभा आहे. एक खेळाडू जमिनीलगत अग्निगोळा सोडतो, दुसरा उडी मारून तो चुकवतो, आणि उडी कधी येणार याचा अंदाज बांधता आला तर पहिला त्याला हवेतच पाडतो. अकुमा मात्र स्वतः उडी मारून वरून तिरका गोळा फेकतो. त्याला उत्तर देण्याची सोय इतर पात्रांच्या घडणीतच नव्हती. तो इतरांपेक्षा थोडा सरस होता असे म्हणणे पुरेसे नाही. तो समोर आला की उरलेल्या खेळाचे नियमच गैरलागू होत.

आजच्या ऑनलाइन गेममध्ये असे काही आढळले की कंपनी पॅच काढते. आर्केड यंत्रात आलेला खेळ जसा आला तसाच राहत असे. त्यामुळे निर्णय आयोजक आणि खेळाडूंनाच घ्यावा लागला. अमेरिकेतील स्पर्धांनी अकुमाला वगळले, आणि त्याबद्दल गंभीर वाद असा झालाच नाही. पुढच्या तीस वर्षांत इतके सोपे प्रकरण क्वचितच वाट्याला आले.

या अनुभवाला सूत्रबद्ध रूप दिले ते डेव्हिड सर्लिन यांनी. ते स्वतः स्ट्रीट फायटरचे स्पर्धक होते. ‘प्लेइंग टू विन’ या नावाने त्यांनी आधी लेख लिहिले आणि पुढे त्यांचे पुस्तक झाले. बंदी योग्य ठरायला त्यांनी तीन अटी घातल्या. पहिली, ती अंमलात आणता आली पाहिजे. दुसरी, ती नेमकी असली पाहिजे: ‘अकुमा निवडू नये’ हा नियम पंचाला तत्काळ लावता येतो, पण ‘एकच डाव फार वेळा खेळू नये’ यात ‘फार’ म्हणजे किती, हे कोणालाच सांगता येत नाही. तिसरी अट सर्वांत अवघड, ती म्हणजे बंदीची खरोखर गरज असली पाहिजे. हरलेल्या खेळाडूला जे अजिंक्य वाटते, त्यावरचा तोडगा बहुधा थोड्या सरावाने सापडतो. म्हणून एखादी गोष्ट वरचढ वाटली, तर आधी ती वापरून सतत जिंकता येते का हे पाहावे आणि मग बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. ही कसोटी आजही सर्वांत उपयोगी आहे. तिची एक मर्यादा मात्र आहे: काय वगळावे हे ती सांगते, कोणी वगळावे याबद्दल ती गप्प राहते. 2008 मध्ये याच खेळाची सुधारित आवृत्ती सर्लिन यांच्या देखरेखीखाली निघाली. अकुमा स्पर्धेत खेळवता यावा, अशा बेताने त्याची शक्ती त्यात कमी केली होती. खेळाडूंनी तो तपासला आणि स्पर्धांतून पुन्हा बाहेरच ठेवला.

जपानमध्ये त्याच खेळातील ‘ओल्ड सगॅट’बाबत वेगळीच वाट निघाली. गुप्त क्रम वापरून पात्रांची आधीच्या आवृत्तीतली रूपे निवडता येत. त्यातला सगॅट एकामागून एक गोळे इतक्या झपाट्याने सोडतो की झांगिएफसारख्या धिप्पाड, संथ पात्राला जवळ येणेच कठीण होते. तरीही तो अकुमाइतका बेबंद नाही. अमेरिकेत तो खुलेपणाने खेळला गेला आणि स्पर्धा चालू राहिल्या. जपानमध्ये लेखी नियम न करताच बहुतेक नामवंत खेळाडूंनी त्याला हात लावणे टाळले. नियमपुस्तकात नसलेली ही बंदी टिकली. सारे एकमेकांना ओळखत होते, त्याच त्या आर्केडमध्ये रोज भेटत होते आणि त्यांना एकमेकांच्या मताची किंमत होती, म्हणून ती टिकली. मोठ्या, विखुरलेल्या समुदायाला ही गोष्ट साधत नाही. त्याचा सर्वांत बोलका पुरावा ‘ब्रॉल’च्या प्रकरणात मिळतो.

‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ हा निन्टेन्डोचा खेळ 2008 च्या सुरुवातीला आला. त्यात प्रतिस्पर्ध्याला मंचाबाहेर ढकलायचे असते आणि ढकलला गेलेला खेळाडू कठडा पकडून परत येऊ पाहतो. मेटा नाइट हे पात्र हवेत अनेकदा उडी घेई, त्याची तलवार झपाट्याने चाले आणि त्याच्या चारही खास चाली मंचावर परतायला उपयोगी पडत. त्याच्यावर भारी पडेल असे पात्र खेळात नव्हते. आधी समुदायाने त्याचे पंख छाटून पाहिले. अदृश्य होण्याच्या त्याच्या चालीत एक त्रुटी होती. ती वापरून हवा तितका वेळ गायब राहता येई. तिच्यावर बंदी आली. मग आघाडी घेतलेला मेटा नाइट कठड्याला लटकत, सुटत, पुन्हा लटकत वेळ संपवू लागला. त्यावर आयोजकांनी एका सामन्यात कठडा किती वेळा पकडता येईल याची मर्यादा घातली. खेळाडू लढत असताना शेजारी कोणीतरी कठडे मोजत बसणार, किंवा सामन्यानंतर यंत्राची आकडेवारी तपासली जाणार. एका पात्रासाठी सर्वांवर असे नियम चढवण्यापेक्षा पात्रच काढून टाकावे, हे म्हणणे तिथून जोर धरू लागले.

2011 मध्ये अमेरिकेतील आयोजकांनी एकत्र येऊन समान नियमावलीसाठी समिती स्थापन केली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तिने 2012 पासून मेटा नाइटवर बंदी जाहीर केली. बंदी नेमकी होती, अंमलात आणण्यासारखी होती आणि तिच्या बाजूने स्पर्धांचे निकाल होते. सर्लिन यांच्या अटींवर ती उतरली असती. पण जानेवारी 2012 मध्ये न्यू जर्सीत भरलेल्या ‘अपेक्स’ या मोठ्या स्पर्धेने ती मानली नाही. जपानचे खेळाडू तिथे येणार होते आणि त्यांच्याकडे मेटा नाइटवर बंदी नव्हती. स्पर्धा जिंकली ती जपानच्या ओतोरीने, मेटा नाइट घेऊनच. सर्वांत प्रतिष्ठेच्या स्पर्धेत चालणाऱ्या पात्राचा सराव गावच्या स्पर्धेत बंद ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. वर्षभरातच समिती विसर्जित झाली आणि बंदी विरून गेली. निर्णय चूक होता म्हणून नव्हे, तो पाळायला लावणारे कोणी उरले नाही म्हणून.

त्यानंतरच्या स्मॅश आवृत्त्यांत कंपनीच दुरुस्त्या करू लागली, तेव्हा प्रश्न सुटेल असे वाटले होते. 2016 च्या फेब्रुवारीत बायोनेटा हे पात्र आले आणि स्पेनमधील समुदायाने लगेच त्यावर बंदी घातली. मे महिन्यात कंपनीने त्याची ताकद कमी केली. ती कपात पुरेशी ठरली नाही. 2018 च्या ‘इव्हो’ स्पर्धेची अंतिम फेरी दोन बायोनेटांमध्ये झाली आणि प्रेक्षकांनी उघड नाराजी दाखवली. पॅच येऊ शकतो या आशेवर समुदाय थांबून राहतो आणि स्वतःचा निर्णय लांबवत जातो, ही नवीच अडचण त्यातून पुढे आली.

अधिकाराचा प्रश्न सर्वांत विचारपूर्वक सोडवला तो पोकेमॉनच्या खेळाडूंनी. 2004 मध्ये सुरू झालेला स्मोगन हा स्वयंसेवकांचा समुदाय एकास एक, सहा-सहा पोकेमॉनांच्या लढतींचे नियम ठरवतो. कंपनीच्या अधिकृत स्पर्धा मुख्यतः दुहेरी लढतींच्या असतात, त्यामुळे तिथले निर्णय इथे लागू पडत नाहीत. स्मोगनची मांडणी गटांची आहे. फार बलवान पोकेमॉन ‘उबर’ गटात जातात, नेहमीच्या खेळाचा गट वेगळा, आणि कमी वापरल्या जाणाऱ्यांसाठी खाली आणखी गट. खालच्या गटांची सीमा मतावर ठरत नाही, वापराच्या आकड्यांवर ठरते. बरीच वर्षे ही सीमा 3.41 टक्के होती: वीस लढतींत तो पोकेमॉन किमान एकदा समोर येण्याची शक्यता निम्मी असेल, तर तो वरच्या गटाचा. पुढे वीसच्या जागी पंधरा लढती धरल्या आणि आकडा 4.52 झाला. वापर किती हे मोजता येते. ‘फार बलवान’ कोण हे मोजता येत नाही. तिथे मतदान येते.

पोकेमॉन खेळांच्या चौथ्या पिढीतील गारचॉम्प या पोकेमॉनचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. त्याचा मूळ वेग 102. शंभर वेगाचे अनेक नावाजलेले पोकेमॉन होते. केवळ दोन अंकांनी तो त्या सर्वांच्या आधी वार करी. बर्फाच्या हल्ल्याने त्याला चौपट इजा होते, हा त्याचा एकमेव मोठा दोष. पण ‘याचे’ नावाची बेरी हातात दिली की पहिला बर्फाचा घाव निम्मा होई. वाळूच्या वादळात त्याच्यावरचे पाचांतले एक आक्रमण हुकत असे. यातले एकेक सुटे पाहिले तर सामान्यच. एकत्र आले की प्रतिस्पर्ध्याकडे अचूक उत्तर असूनही ते लागू पडत नसे. तो उबरमध्ये गेला. 2013 नंतरच्या पिढ्यांत, नवे प्रतिस्पर्धी आल्यावर, तोच गारचॉम्प नेहमीच्या गटात निवांत खेळला जातो. बंदी पोकेमॉनच्या स्वभावावर नसते, त्या काळच्या परिस्थितीवर असते, हे स्मोगनने लवकर ओळखले आणि दर पिढीत प्रश्न नव्याने उघडला.

मत कोणाला, यावरचे त्यांचे उत्तर असे: ज्या गोष्टीवर संशय आहे तिची चाचणी जाहीर होते, इच्छुक खेळाडू नव्या खात्याने ठरावीक मुदतीत लढती खेळतो, आणि ठरवलेले मानांकन गाठले तरच त्याला मत मिळते. ओरडणाऱ्याला मत नाही, खेळून दाखवणाऱ्याला आहे. अलीकडच्या पिढ्यांत बंदीला साध्या बहुमताऐवजी साठ टक्के मते लागतात. नवी पिढी आल्यावर उघडउघड बलवान असलेल्यांना अनुभवी खेळाडूंचे मंडळ थेट वगळते. ही पद्धत निर्दोष नाही. मानांकन गाठायला वेळ लागतो, आणि ज्याच्याकडे वेळ त्याचे मत हा पक्षपात तिच्यात राहतोच. तरीही हरलेल्याला निकाल मान्य करावासा वाटतो, एवढे तिने साधले आहे.

नेमकेपणाची अट मात्र त्यांनाही छळत राहिली. 2011 मध्ये पोलिटोड या पोकेमॉनमुळे कायमचा पाऊस पाडणे सोपे झाले आणि पावसात दुप्पट वेगाने धावणारे पोकेमॉन अनावर झाले. तेव्हा पाऊसही राहू दिला, धावणारेही राहू दिले, फक्त दोघांना एका संघात ठेवण्यावर बंदी आली. त्यातून हवे ते साधले, पण एक प्रश्न मागे राहिला: जोड्याच वगळायच्या, तर थांबायचे कुठे? पुढे धोरण साध्या बंदीकडे झुकले. 2019 च्या नोव्हेंबरात आलेले डायनामॅक्स, म्हणजे कोणताही पोकेमॉन तीन फेऱ्यांसाठी महाकाय होणे, महिनाभरातच पूर्ण वगळले गेले. 2022 मधील टेरास्टल, म्हणजे लढतीत एकदा प्रकार बदलणे, याची चाचणी झाली. बंदीला पुरेशी मते मिळाली नाहीत आणि ते राहिले. प्रतिस्पर्ध्याचा एकच पोकेमॉन झोपवता येईल हा जुना नियम मूळ खेळात नव्हता, लढतीच्या प्रणालीत तो बाहेरून घातलेला होता. 2024 मध्ये त्याऐवजी झोपवणाऱ्या चालीच बंद करण्यात आल्या.

पत्त्यांच्या ‘मॅजिक’ या खेळातील कमांडर प्रकारही खेळाडूंनीच घडवला होता. शंभर पत्त्यांचा डाव, बहुधा चार खेळाडू, आणि नियम सांभाळणारी छोटी स्वयंसेवी समिती. 23 सप्टेंबर 2024 रोजी समितीने मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू हे चार पत्ते वगळले. पहिले दोन डावाच्या सुरुवातीलाच इतकी शक्ती पुरवत की बाकीचे तिघे बघत राहत. खेळाच्या दृष्टीने कारण पटण्यासारखे होते. पण हे महाग पत्ते होते. ज्वेल्ड लोटस तर 2020 मध्ये कंपनीने खास कमांडरसाठीच छापला होता, दुसरीकडे त्याचा उपयोग जवळजवळ नाही. लोकांनी पैसे मोजून घेतलेली वस्तू एका रात्रीत निरुपयोगी झाली. समितीच्या सदस्यांना धमक्या येऊ लागल्या. कोणत्याही खेळातील निर्णयासाठी माणसाच्या जिवाला घोर लागावा, हे अक्षम्य आहे. 30 सप्टेंबरला, जेमतेम आठवड्याने, समितीने कमांडरचा कारभार विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे सोपवल्याचे जाहीर झाले. एप्रिल 2025 मध्ये कंपनीने यादीतील पाच जुन्या पत्त्यांवरची बंदी उठवली. सप्टेंबरमधल्या चारांपैकी एकही त्यात नव्हता.