चार मिलिमीटरचे तुम्ही

कंपासपेटीतली पट्टी काढा आणि तिच्यावर 4 मिलिमीटर मोजा. मोजले? एके काळी तुम्ही एवढेच होतात. सबंध तुम्ही! आईच्या पोटात तुमची सुरुवात होऊन तेव्हा साधारण 28 दिवस झाले होते. हातांच्या जागी बारीकसे फुगवटे, पायांचा जेमतेम पत्ता, आणि मागे चक्क एक शेपूट. (ते पुढे नाहीसं होतं. काही जणांकडे बघून खात्री पटत नाही, पण होतं.) हृदय मात्र पाच-सहा दिवस आधीच धडधडायला लागलेलं.

आणि तेवढ्यात एक भलं मोठं काम उरकलेलंही असतं. कसलं, ते करूनच बघा. कागदाचा एक लांबट तुकडा घ्या, त्याच्या दोन्ही लांब कडा वर उचला आणि एकमेकींना टेकवा. झाली नळी! बाळाच्या पाठीवरही आधी पेशींचा असाच एक चपटा थर असतो. त्याच्या कडा वर येतात आणि 22 व्या दिवसाच्या सुमारास मानेच्या भागात जुळतात. तिथून ती शिवण वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे सरकत जाते. 28 व्या दिवसापर्यंत दोन्ही टोकं बंद. डोक्याकडचा भाग फुगून मेंदू होतो, उरलेल्या नळीचा मज्जारज्जू. पुष्कळदा तोवर आईला बाळाची चाहूलसुद्धा लागलेली नसते!

कधी कधी खालचं टोक उघडंच राहतं. मग बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या पाठीचा कणा तिथे नीट मिटलेला नसतो, आणि पायांत जोर कमी असू शकतो. असं का होतं, याचा एक धागा सापडला तो आपल्या मुंबईत. तोही बाळांचा नव्हे, रक्ताचा शोध चालू असताना.

1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पांडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी! बाईंनी बघितलं, या बायका खातात काय? तर अगदी निकस जेवण. तसंच जेवण माकडांना दिल्यावर माकडंही आजारी पडली. मग बाईंनी एक स्वस्त पदार्थ देऊन पाहिला: मार्माइट. यीस्टपासून केलेला हा काळपट, खारट लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. (चवीबद्दल मी काही बोलत नाही.) पण त्याने माकडं सुधारली आणि बायकाही बऱ्या झाल्या. 1931 मध्ये बाईंनी हे छापून जाहीर केलं. मार्माइटमध्ये असं काय होतं, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

दहा वर्षांनी, 1941 साली, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तब्बल चार टन पालक घेऊन त्यातून एक द्रव्य वेगळं काढलं. त्याला नाव दिलं फॉलिक आम्ल. बाईंच्या मार्माइटमध्येही याच जातीचं जीवनसत्त्व होतं.

एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या तर आतल्या डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते. त्या कामाला हे जीवनसत्त्व लागतं. ते कमी पडलं की पेशी नुसती वाढत बसते, वेळेवर दुभंगत नाही. म्हणून त्या बायकांच्या रक्तपेशी मोठ्या दिसत होत्या. आता सांगा, भराभर नव्या पेशी आणखी कुठे तयार होत असतात? बरोबर, चार मिलिमीटरच्या बाळात! मग हे जीवनसत्त्व कमी पडल्यामुळेच तर बाळाच्या पाठीवरची नळी उघडी राहत नसेल?

ही शंका तपासायला बरीच वर्षं गेली. शेवटी 1991 मध्ये सात देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासाचा निकाल लागला. ज्यांच्या आधीच्या बाळाला नळी उघडी राहण्याचा हा त्रास झाला होता अशा स्त्रियांना गरोदर राहण्याआधीपासूनच फॉलिक आम्ल दिलं, तर पुढच्या बाळाला तो होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. निकाल इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला.

आणि हे लागतं तरी किती? बाळाचा विचार करणाऱ्या स्त्रीला डॉक्टर सहसा रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात. म्हणजे एका ग्रॅमचे अडीच हजार भाग केले तर त्यातला एक. एक ग्रॅम जवळजवळ सात वर्षं पुरेल! पालक, मेथी, चवळी, हरभरा, शेंगदाणे, संत्री यांतही ते असतं. फक्त भाजी फार उकळून पाणी ओतून दिलंत तर बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना शाळेत आठवड्याला एक गोळी मिळते. लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. तिच्यात लोहाबरोबर हेच फॉलिक आम्ल असतं. तेव्हा पुढच्या वेळी ती बाकाखाली टाकू नका. आणि हो, रिकाम्या पोटी नाही, जेवण झाल्यावर घ्या.