सर्व्हर क्लाउडवर नेताना मागे काय ठेवायचे

सर्व्हर क्लाउडवर हलवताना जुन्या यंत्राची डिस्क जशीच्या तशी नव्या यंत्रावर ओतून भागत नाही. डिस्कवरच्या कित्येक फाइली त्या एका यंत्रापुरत्याच खऱ्या असतात. त्या सोबत गेल्या, तर नवे यंत्र कधीकधी सुरूही होत नाही. म्हणून आधी वगळायच्या गोष्टींची यादी करावी लागते.

लिनक्स सर्व्हरवर या यादीतली पहिली नावे ठरलेली आहेत: /प्रॉक, /सिस, /डेव्ह आणि /रन. हे फोल्डर दिसतात डिस्कवर, पण असतात मेमरीत. चालू यंत्राची स्थिती कर्नल त्यांतून दाखवत असतो. /प्रॉकमधली केकोर ही फाइल 64 बिटच्या यंत्रावर बहुधा 128 टेराबाइटची दिसते, आणि डिस्कवर तिने एक बाइटही अडवलेला नसतो. मात्र फोल्डर समूळ वगळायचे नाहीत, फक्त आतला मजकूर वगळायचा. नव्या यंत्राला ते रिकामे फोल्डर जागेवर लागतातच. तात्पुरत्या फाइली, स्वॅप आणि कॅश यांचा फारसा विचार करावा लागत नाही. खरा घात करते ती एफएसटॅब ही छोटीशी फाइल. तिच्यात जुन्या डिस्कचे ओळखक्रमांक असतात. ती तशीच गेली, तर नवे यंत्र नसलेली डिस्क शोधत अडून बसते. जुन्या नेटवर्कच्या सेटिंगचेही तेच.

डेटाबेसच्या फाइली वगळायच्या, पण त्यातली माहिती वगळायची नाही. नक्कल चालू असताना नोंदी बदलत राहतात, त्यामुळे अर्धी फाइल जुनी आणि अर्धी नवी अशी खिचडी तयार होते. त्याऐवजी डेटाबेसकडूनच सलग डंप काढून तो नव्या जागी भरतात.

नकलेसाठी सर्रास वापरले जाणारे आरसिंक हे साधन अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये आणले. त्यात वगळण्याचा नियम नमुन्याने सांगतात, आणि चुका होतात त्या इथेच. ‘/टीएमपी’ म्हणजे नकलेच्या मुळाशी असलेला तो एकच फोल्डर. आधीची तिरकी रेघ काढली, की कुठल्याही खोलीवरचा त्या नावाचा फोल्डर गळतो. भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांचे सात फोल्डर आहेत असे समजू. त्यातला लाखनी वगळायचा म्हणून ‘लाख*’ लिहिले, तर लाखांदूरही मुकाट्याने मागे राहतो आणि पडद्यावर चुकीचा एक शब्दही उमटत नाही. यासाठी आरसिंकला रंगीत तालमीची सोय आहे: काय जाईल याची यादी मिळते, हलत काहीच नाही. ती यादी वाचायचा कंटाळा परवडत नाही.

सरकारी कार्यालयात आणखी एक गाळणी लागते. महसुली दप्तरात अ वर्ग कायम, ब वर्ग 30 वर्षे, ड वर्ग एक वर्ष अशी अभिलेखांची वर्गवारी चालत आली आहे. सर्व्हरवरचे जुने फोल्डर याच नजरेने पाहायला हवेत. ‘गोंदिया’ नावाचा फोल्डर भंडाऱ्यात परका वाटेल. पण 1 मे 1999 पर्यंत गोंदिया याच जिल्ह्यात होते, आणि त्याआधीचे कागद इथलेच असू शकतात. शिवाय वगळणे म्हणजे नष्ट करणे नव्हे. जे क्लाउडवर जाणार नाही, ते वेगळ्या डिस्कवर मुदतभर ठेवावे लागते.

वगळण्याचे दुसरे टोक जिल्हा संकेतस्थळांच्या बाबतीत दिसते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एसथ्रीवास या व्यासपीठावर भंडाऱ्यासह अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे आहेत. तिथे साचा तयारच मिळतो. जुन्या सर्व्हरवरून न्यायचा तो फक्त मजकूर, छायाचित्रे आणि पीडीएफ. कार्यप्रणाली, प्रोग्रॅम, सेटिंग सगळे मागेच राहते. अशा वेळी वगळण्याची नव्हे, न्यायच्या गोष्टींची यादी करणे सोपे पडते.