बोथट टोकाचा बाण : सरावाला सोयीचा, शिकारीला मनाई

प्रतापगड (जि. गोंदिया) : धनुष्यबाण म्हटला, की डोळ्यांसमोर अणकुचीदार लोखंडी पात्याचा बाण उभा राहतो. परंतु ज्याच्या टोकाला धार नाही, असाही बाण जगाच्या अनेक भागांत शतकानुशतके वापरला गेला आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडसारख्या जंगलालगतच्या गावांत या बाणाविषयी जाणून घेण्यास विशेष कारण आहे. ज्यांना हौसेखातर नेमबाजी करायची आहे, त्यांना हा बाण उपयोगी पडतो. मात्र 'टोक बोथट, म्हणजे निरुपद्रवी' हा समज माणसांच्या जिवावर बेतू शकतो आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडवू शकतो.

बोथट टोकाचे तत्त्व सोपे आहे. अणकुचीदार टोक सारा जोर सुईच्या अग्राएवढ्या जागेवर एकवटते आणि आत घुसते. बोथट टोक तोच जोर पसरट जागेवर देते. त्यामुळे बाण रुतत नाही, आदळतो. सैबेरियातील शिकारी खार व सेबल या प्राण्यांसाठी गोलसर लाकडी टोकाचे बाण वापरत, कारण त्यामुळे कातडीला भोक पडत नसे. युरोपातही पक्ष्यांसाठी असे बाण होते. झाडावर मारलेला टोकदार बाण फांदीत रुतून कायमचा हरवतो, बोथट बाण खाली पडतो व पुन्हा वापरता येतो, हेही त्यामागचे कारण होते.

शस्त्र बोथट करून सराव करण्याची कल्पना मराठी मुलखालाही नवी नाही. 'बोथाटी' या जुन्या मर्दानी खेळात भाल्याला पाते नसे. टोकाला बांधलेला कापडाचा गोळा रंगात बुडवून प्रतिस्पर्ध्यावर खूण उमटवली जाई. प्रतापगड-गोठणगाव परिसरात नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटच्या आग्नेयेकडील कोंगपो प्रदेशात तर शीळ घालणाऱ्या बाणांची नेमबाजी प्रसिद्ध आहे. या बाणाचे टोक पोकळ लाकडाचे, छिद्रे पाडलेले व बोथट असते. वेगाने जाताना छिद्रांत हवा शिरून आवाज होतो. तो बाण केवळ खेळासाठीच वापरला जातो.

सरावात उपयोग कोणता?

स्पर्धेतील धनुर्विद्येत बाण लक्ष्यात रुतावा लागतो, त्याशिवाय गुण मोजता येत नाहीत. २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाऊंड प्रकारात जगज्जेता ठरलेला नागपूरचा ओजस देवतळे किंवा त्याच स्पर्धेत महिलांचे विजेतेपद पटकावणारी साताऱ्याची अदिती स्वामी यांचे बाण टोकदारच असतात. फिरत्या नेमबाजीचा प्रकार वेगळा आहे. त्यात मातीचे ढेकूळ, कुजका बुंधा, गवताचा झुपका अशा वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तूंवर नेम धरला जातो. अंतराचा अंदाज घेण्याची सवय यातून लागते. टोकदार बाण अशा वेळी गवताखाली सरपटत जाऊन दिसेनासा होतो किंवा लाकडात रुतून बसतो. बोथट बाण लवकर थांबतो.

बाजारात रबरी, धातूची व स्प्रिंगचे लहान आकडे बसविलेली टोके मिळतात. हे आकडे गवतात अडकून बाणाला थांबवतात. टोक निवडताना वजन पाहावे. नेहमीचे टोक १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅमचे असेल, तर बोथट टोकही तेवढ्याच वजनाचे घ्यावे. वजन बदलले, की बाणाचा मार्ग बदलतो आणि केलेला सराव वाया जातो.

धोका किती?

३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटला, तर त्यात सुमारे २४ ज्यूल ऊर्जा असते. ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूतही साधारण एवढीच ऊर्जा असते. फरक असा, की बाणाचा आघात चेंडूच्या मानाने फार लहान जागेवर होतो. डोळा, कानशील किंवा गळ्यावर तो बसल्यास परिणाम गंभीर होतात. शिवाय रबरी टोक दगडावर किंवा कठीण लाकडावर आदळून उलट येते. म्हणून सरावासाठी मोकळी जागा व मागे मातीचा उंच बांध असावा. धान कापणीनंतर रिकाम्या झालेल्या बांधीत तणसाचा सैल ढीग किंवा दोरीवर सैल टांगलेले जाड कांबळे बाण अलगद थांबवते. आकाशाच्या दिशेने बाण सोडू नये आणि सर्वांचे बाण सोडून झाल्याखेरीज कोणी पुढे जाऊ नये. महाशिवरात्रीला महादेवाच्या व ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्शनासाठी प्रतापगडावर भाविकांची गर्दी होते. त्या काळात गडाच्या परिसरात असा सराव टाळलाच पाहिजे.

कायदा काय सांगतो?

परदेशात काही ठिकाणी परवाना घेऊन बोथट बाणाने ससे किंवा खारी मारण्यास मुभा आहे. भारतात तशी मुभा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार प्राण्याला ठार मारणेच नव्हे, तर जखमी करणे, पकडणे किंवा तसा प्रयत्न करणे हीदेखील 'शिकार' ठरते. ससा व तितर यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख असून, टोक धारदार की बोथट असा भेद तेथे केलेला नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास व दंड आहे.

प्रतापगडच्या परिसराला हा नियम अधिकच लागू पडतो. जवळचे नवेगाव राष्ट्रीय उद्यान २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तेथे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन नुसता प्रवेश करणेही गुन्हा आहे. त्यामुळे धनुष्य खांद्याला लावून रानवाटेने 'सहज' फिरण्याचा मोह आवरायला हवा.

नेम धरण्याचे कौशल्य टिकविण्यासाठी जिवंत लक्ष्याची गरज नसते. तणसाचा ढीग, मागे मातीचा बांध आणि सोबत जाणकार मोठी व्यक्ती एवढी तयारी असली, की बोथट बाण त्याचे काम चोख बजावतो.